आखूड गज

घनसावंगी, ४ डिसेंबर

अक्षत,

पोचले. हे सांगायला पत्र नको होतं, आईनं तुला फोन केलाच असेल. पत्र अशासाठी की निघायच्या आदल्या दिवशी तूच म्हणालास, "जे म्हणायचंय ते लिहून दे, बोलताना तुझा आवाज चढतो." मग घे लेखी. कागदावर आवाज चढलाच तर तुला पान उलटता येईल, घराचं दार आपटून बाहेर जावं लागणार नाही.

तुमच्या फौजी पद्धतीनं परिच्छेदांना नंबर घालणार होते. पहिल्या परिच्छेदाचं शीर्षक 'उद्देश' असतं ना? तिथंच अडले. नवऱ्याला पत्र लिहिण्याचा उद्देश काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून साध्या बायकोसारखं लिहिते.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालंय. वॉकर घेऊन अंगणभर फिरते आणि कापूस वेचायला आलेल्या बायकांवर ओरडते. काल शेजारच्या सगुणाबाई विचारायला आल्या तर त्यांना म्हणाली, "मी तं चालून राह्यले, ही पोरगीच बसून राह्यलीय. कॉलेजातून सुट्टी घेऊन आली म्हणे मह्यासाठी. मला काय कळत न्हाई व्हय?" मी आत जाऊन भाजी चिरत बसले. आईपुढे माझी पीएचडी कधीच चालली नाही.

तिला काय कळलंय ते मला माहीत नाही, पण तुला सांगते. तू अभ्यासक्रम समितीचा मसुदा जेवणाच्या टेबलावर उघडा ठेवून आंघोळीला गेला होतास. मी वाचला. युद्धेतिहासाचा वर्षभराचा पेपर पुढच्या वर्षीपासून 'ऐच्छिक वाचन'. असईच्या रणभूमीची सहल बंद. मोकळे झालेले तास ड्रोन, माहिती-विश्लेषण आणि सायबरला. आणि शेवटी एक ओळ, 'नागरी प्राध्यापकांच्या पदांचा पुनर्विचार व्हावा.' युद्धेतिहास शिकवणारी नागरी प्राध्यापक आपल्या कॉलेजात एकच आहे, आणि ती तेव्हा तुझ्यासाठी पोहे करत होती. खाली समितीचा सचिव म्हणून सही तुझी.

तू तो कागद विसरलास की मुद्दाम ठेवलास, हे मी प्रवासभर घोकत आले. विसरला असशील तर तुला माझी आठवण नव्हती. मुद्दाम ठेवला असशील तर तोंडानं सांगायची हिंमत नव्हती. यातलं कोणतं बरं, ते तूच सांग.

समितीची बैठक वीस जानेवारीला आहे. तोवर मी इथंच आहे. त्यानंतर कुठं असेन, ते बैठकीवर आहे. अंबडच्या कॉलेजात इतिहासाची जागा निघालीय, हेही ऐकून ठेव.

ज्योत्स्ना


मस्तगड, जालना, १३ डिसेंबर

अक्षत,

आईचा एक्स-रे काढायला जालन्याला आणलं आणि तुझ्याच घरी उतरलोय. नवरा-बायकोचं फाटलं म्हणून सासरी जायचं नाही, असा काही नियम तुमच्या मस्तगडात नाही. सासूबाईंनी आईसाठी गादी खाली टाकून दिली, मला मेथीचे लाडू दिले आणि काही विचारलं नाही. दोघी आजारपणावर गप्पा मारतायत. आई म्हणते माझं हाड मोठं मोडलं, सासूबाई म्हणतात माझे गुडघे जास्त दुखतात.

तुझं उत्तर मिळालं. टंकलिखित, सात परिच्छेद, पुराव्यांसकट. सुरुवातीला 'प्रिय' नाही आणि शेवटी 'तुझा' नाही, पण समास मात्र अगदी नियमानुसार. ठीक. मीही परिच्छेदवार उत्तर देते.

परिच्छेद दोन. तास मर्यादित आहेत आणि युद्ध बदललंय. मान्य. कालच तुझ्या बाबूजींबरोबर बातम्या बघत होते. खंदकात बसलेल्या माणसाच्या डोक्यावर एक ड्रोन येऊन थांबला, खेळण्याएवढा. त्या माणसाला काय शिकवायला हवं होतं, हे मलाही सांगता येईना. दहा-बारा वर्षं नोकरी झालेले मेजर तुमच्याकडे येतात, पुढं त्यांच्या शब्दावर हजार माणसं हलणार. त्यांना हे यायला हवं. लिहायला जिवावर येतंय, पण हा परिच्छेद बरोबर आहे.

परिच्छेद चार मात्र मला झोंबला. तू गेल्या वर्षीच्या सगळ्या उत्तरपत्रिका शेजारीशेजारी ठेवल्यास. असईच्या प्रश्नाला प्रत्येकानं तेच लिहिलं, त्याच क्रमानं. इंग्रज सेनापती वेलस्लीला वाटाड्यांनी सांगितलं, नदीला पायी ओलांडण्याजोगा उतार नाही. त्यानं दुर्बिणीतून पाहिलं, खेळणा नदीच्या दोन काठांवर दोन गावं, पिंपळगाव आणि वरूड, समोरासमोर. गावं समोरासमोर असतील तर माणसं इकडून तिकडं जात असणार, म्हणजे उतार असणारच. आणि त्यानं फौज उतरवली, आणि मराठे हरले. तू लिहितोस की मागच्या तुकडीच्या नोट्स पुढच्या तुकडीकडे जातात, त्यात हे उत्तर तयार असतं. म्हणून या पेपरातून निर्णयशक्ती वाढते हा दावा 'सिद्ध होत नाही'.

अरे, मग नोट्स बंद करा. कुणी ताप मोजताना थर्मामीटर चहात बुडवला तर तुम्ही ताप मोजणंच बंद करणार का? आणि ड्रोनच्या नोट्स पुढच्या तुकडीला मिळणार नाहीत, असं तुला कोणी सांगितलं? दोन वर्षांत त्याचीही तयार उत्तरं होतील. मला वेलस्लीचं कौतुक शिकवायचं नाही. माझ्या जिल्ह्यात येऊन माझी माणसं मारून गेला तो. मला एवढंच शिकवायचंय की सगळे एक सांगत असताना एकानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

हे सगळं मी बाबूजींना ऐकवलं. कापडाचं दुकान आता तुझा चुलतभाऊ नमन बघतो, पण सकाळी ते गादीवर जाऊन बसतातच, आणि मी समोर. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग मला गजाची गोष्ट सांगितली. तू कधी सांगितली नाहीस.

"आपल्यात पोरगा मोठा झाला का आधी दुसऱ्याच्या दुकानात बसवायचा, बेटा. बापाच्या गादीवर बसला तं बिघडतो. आन् तिथला सेठ पहिल्या हप्त्यात त्याला जाणूनबुजून आखूड गज द्यायचा. बोटभर आखूड. बघायचं, बोलतो का न्हाई. कोणी बोलतो, कोणी बोलत न्हाई. सेठनं दिला म्हंजी बराबरच असंल, म्हणतो."

मी विचारलं, आणि तेवढ्या दिवसांत गिऱ्हाइकाचं नुकसान?

"बिलकुल न्हाई. जुना मुनीम मागं बसलेला असतो, तो पुन्हा मापतो. आन् शनिवारी सांजच्याला दुकान बंद करताना सेठ सगळ्यांसमोर तो गज गुडघ्यावर घेऊन मोडतो. पोरगा बोललेला असो का नसो. मोडायलाच पाह्यजे. आखूड गज दुकानात राह्यला तं उद्या कोणीतरी त्यानंच मापत बसंल."

तू तिसऱ्या दिवशी बोललास म्हणे, आणि त्या सेठनी या घरी पेढे पाठवले. बाबूजी सांगताना इतके खूश होते, जणू पेढे कालच आलेत. आणि त्याच पोरानं पुढं दुकान सोडून फौजेचा फॉर्म भरला म्हणून दोन वर्षं तुझ्याशी बोलले नाहीत, तेही त्यांनीच सांगितलं. "मंग बोलायला लागलो. काय करतो, एकच पोरगा हाय."

रविवारी तुमची सहल असईला येतेय, कार्यक्रम मला पाठ आहे. मी जाणार आहे. इतकी वर्षं त्या लढाईचा पेपर शिकवते, पण सहलीच्या बसमध्ये नागरी प्राध्यापकाला जागा नसते, भत्त्याच्या नियमात बसत नाही. सासऱ्याच्या गाडीला असा नियम नाही.

ज्योत्स्ना


जालना, २१ डिसेंबर

अक्षत,

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

भोकरदनच्या पुढं आम्ही तुमच्या बसच्या मागंच होतो. बाबूजींनी नमनच्या ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं, फौजेच्या गाडीला ओव्हरटेक करायचं नाही. बस थांबली. मला वाटलं चहाला थांबली. तर सगळे उतरून नदीकडे चालायला लागले. काठावर एक चुन्यानं रंगवलेला खुंट आहे, त्यावर 'निरीक्षण बिंदू'. शेजारी कापसाचं शेत आणि एक रुंद मोकळी जागा, जिथं ट्रॅक्टर वळतात. आणि बसही वळते.

ती जागा चुकीची आहे, अक्षत. पीएचडीच्या वेळी मी तो सगळा काठ पायी हिंडलेय. खरी जागा तिथून बरीच वर आहे, आणि तिथं बस जात नाही. तुमच्या खुंटापाशी नदी वळते. तिथून पिंपळगाव दिसतं. वरूड दिसत नाही. दिसूच शकत नाही, मध्ये वळण आणि उंचवटा आहे.

आणि तुमचा लेफ्टनंट कर्नल, नवीन आलाय तो, कागदावरून वाचत होता. "समोर पाहा. दोन गावं, समोरासमोर. वेलस्लीनं जे पाहिलं ते तुम्ही आत्ता पाहताय." आणि सगळे मान डोलवत होते. काही जण लिहून घेत होते. एकानं तर दोन्ही गावांचा फोटोही काढला, नसलेल्या गावासकट.

मी लांब उभी होते, साडी, डोक्यावर पदर, शेजारी सासरे. कुणी आमच्याकडे बघितलं नाही, माझ्याच विद्यार्थ्यांनीसुद्धा. त्यांनी मला कायम मंचावर माइकसमोर पाहिलेलं.

एका मुलीनं, मेजर आहे, हात वर केला. "सर, दुसरं गाव कुठंय?"

तो म्हणाला, "झाडांमागं आहे. वेळ नाही, पुढचा मुद्दा." मागून कोणीतरी हसलं. तिनं हात खाली घेतला.

तेवढंच. तुझ्या मसुद्याच्या बाजूनं याहून चांगला पुरावा तुला मिळणार नाही, हे मला तिथंच कळलं. इतिहास शिकवून हे असं होत असेल तर बंद करा, असं मीच म्हणाले असते. पण थांब. चहाच्या वेळी मी त्या लेफ्टनंट कर्नलला विचारलं, गावातलीच बाई म्हणून, की साहेब ही जागा कोणी ठरवली? तर तो अभिमानानं म्हणाला, "आमच्या कर्नल अक्षत सरांनी. मेजर होते तेव्हा. तेव्हापासून हाच पॉइंट."

तू. तुझा खुंट. तुझ्या जागेवर उभं राहून पोरं न दिसणारं गाव बघतात, परीक्षेत तेच लिहितात, आणि तीच उत्तरं जोडून तू समितीला दाखवतोस की बघा, या पेपरातून काही शिकता येत नाही. याला तुमच्याकडे काय म्हणतात ते माहीत नाही. आमच्या घनसावंगीत याला जे म्हणतात ते कागदावर लिहीत नाहीत.

मी कॉलेजच्या कमांडंटसाहेबांना एक पानाचं पत्र लिहिलंय. दोन्ही जागांचे फोटो, दिशा, अंतर, खुंट कोणी रोवला तेही. पाकिटात घालून ठेवलंय. फेब्रुवारीत तुझं ब्रिगेडिअरच्या बढतीचं बोर्ड आहे, हे मी विसरलेली नाही. पाकीट टाकायचं की नाही, हे ठरत नाही. सकाळपासून तीनदा पोस्टापर्यंत जाऊन आले. तिसऱ्यांदा पोस्टातल्या बाईंनी विचारलं, मॅडम, तिकीट पाहिजे का?

एक गोष्ट समजली नाही. परतताना गाडीत बाबूजींनी मला हळूच विचारलं, "त्या साहेबाला तिथं कोणी काई विचारलं का गं? मला लांबून ऐकू आलं न्हाई." मी म्हटलं, एका पोरीनं विचारलं. तर ते खिडकीकडं तोंड करून बसले ते जालना येईपर्यंत बोलले नाहीत. मला वाटलं ऊन लागलं.

ज्योत्स्ना


घनसावंगी, ३ जानेवारी

अक्षत,

या वेळी हातानं लिहिलंस. समास सुटलाय, दोन ठिकाणी खोडलंयस. वाचून मी आईच्या पलंगावर बसून राहिले. आई म्हणाली, "जावायाचं हाय ना? मंग रडायचं कशाला? आलं न्हाई तेव्हा रडायचं."

तर तुला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

मी नीट समजून घेते. पहिल्या वर्षी पाऊस होऊन गेला होता, पुढचा रस्ता चिखलाचा होता, तेव्हाच्या साहेबांचे पाय सुजलेले. बस जिथं वळत होती तिथं तू खुंट रोवलास. रात्रीच्या जेवणात सांगणार होतास की जागा खरी वेगळी आहे. पण तिथं कोणी विचारलं नाही की सर, दुसरं गाव कुठंय. एकानंही नाही. तू सांगायचं थांबलास. पुढच्या वर्षी रस्ता कोरडा होता. तरी खुंट हलवला नाहीस, कारण आता तुला बघायचं होतं, विचारतं का कोणी. नाही विचारलं. त्याच्या पुढच्या वर्षी पण नाही. दर वर्षी सहल झाली की तू बाबूजींना फोन करून सांगायचास, "यंदाबी कोणी विचारलं न्हाई." म्हणून ते गाडीत तसे गप्प झाले. त्यांना वाटलं असेल, मुलाच्या परीक्षेत एकदाचं कोणीतरी पास झालं, आणि मुलगाच तिथं नव्हता.

तू लिहितोस, "तीन वर्षांपूर्वी मी जाणं सोडलं. मला सहन होईना. ज्यांच्या हातात माणसं द्यायची ते डोळ्यांसमोर नसलेलं गाव लिहून घेतात. मग मी म्हटलं, हे शिकवणंच बंद करू. मशीन तरी नसलेलं दाखवत नाही."

पहिल्यांदा मला तुझा राग आला नाही. मला तुझं वाईट वाटलं. एवढी वर्षं एकाच घरात राहून तू हे मला सांगितलं नाहीस, बापाला सांगितलंस. मी ज्या पेपरासाठी भांडतेय, तो तूही माझ्याएवढाच धरून बसला होतास. फक्त तू वाट बघत होतास आणि मी बोलत होते. मग जेवायला बसले आणि राग आला. चांगला पोटभर आला.

तू तुझ्या त्या सेठकडून अर्धीच गोष्ट शिकून आलास. आखूड गज द्यायचा, बघायचं, बोलतं का कोणी, हे शिकलास. पण गज शनिवारी मोडायचा असतो, अक्षत. पोरगा बोलो, न बोलो. मागं मुनीम बसवायचा असतो, गिऱ्हाइकाचं कापड पुन्हा मापायला. तुझ्या मागं कोण बसलं होतं? ते मेजर आज कर्नल झालेत. कुठं कुठं नदीकाठी उभे असतील, आणि त्यांच्या मनात पक्कं असेल की त्यांनी दोन गावं पाहिलीत. पहिल्या वर्षी तुझा आळस होता. दुसऱ्या वर्षापासून तू त्याला परीक्षा म्हणायला लागलास.

आणि पत्राच्या शेवटी, दोनदा खोडून, विचारतोस, "तिचं नाव काय?"

आता ऐक. मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली. तुमची बस जेवायला भोकरदनला थांबली, आम्हीही तिथंच होतो, तेव्हा ती मेजर मुलगी माझ्यापाशी आली. तिनं मला ओळखलं होतं, बाकी कोणी नाही. म्हणाली, "मॅडम, वरूड त्या खुंटापासून दिसत नाही ना?" मी म्हटलं, नाही. मी आणि बाबूजी तिला गाडीत घालून खऱ्या जागेवर घेऊन गेलो. शेवटचा टप्पा पायी, चपलेत काटे, बाबूजी धोतर धरून मागं मागं. ती परवानगी न घेता आली, जेवण सोडून. म्हणून लपवलं.

तिथं उभी राहिली आणि कितीतरी वेळ बघत राहिली. समोर पिंपळगाव, पलीकडं वरूड, मध्ये नदी. मला वाटलं आता म्हणेल, काय नजर होती वेलस्लीची. तर ती म्हणाली, "मॅडम, गावं दिसतात. पण त्यावरून उतार आहेच असं कसं म्हणायचं? होडी असेल. उन्हाळ्यात जात असतील, पावसाळ्यात नाही. मी आधी माणूस पाठवला असता."

अरे, त्यानं पाठवला होता. स्वतःच्या फौजेतला एक कॅप्टन पुढं पाठवून त्यानं पाणी तपासून घेतलं, मग फौज उतरवली. माझ्या पीएचडीत आहे ते. वर्गात मी ते एका वाक्यात उरकते, कारण दुर्बिणीतून गावं बघण्याची गोष्ट जास्त रंगते. ते एक वाक्य पोरांच्या नोट्समधून कधी गळलं मला कळलंसुद्धा नाही. तिनं ते पुस्तकातून नाही, काठावर उभं राहून परत शोधून काढलं. मी तिला सांगितलं तेव्हा तिला काही विशेष वाटलं नाही. "पाठवणारच ना, मॅडम," म्हणाली आणि काटा काढत बसली.

तू ज्याची वाट बघत होतास ते यंदा आलं होतं. आणि तुझा माणूस म्हणाला, वेळ नाही, पुढचा मुद्दा.

नाव मी देणार नाही.

ज्योत्स्ना


मस्तगड, १० जानेवारी

प्रिय अक्षत,

बघ, 'प्रिय' लिहिलं. आधी काम.

कमांडंटसाहेबांचं पाकीट मी फाडून टाकलं. घाबरून नाही. ते पत्र मी लिहिलं असतं तर दोन्हीकडून वाईट झालं असतं. तुझं बोर्ड गेलं असतं, आणि समितीत लोक म्हणाले असते, बघा, इतिहासाच्या बाईनं स्वतःच कबूल केलं की सहलीत पोरांना काही कळत नाही. ही गोष्ट दुसऱ्यानं सांगायची नाही. ज्यानं गज दिला त्यानंच सांगायची.

समितीबद्दल माझं म्हणणं, तुमच्या भाषेत 'शिफारशी'. माझ्या तासांतले निम्मे घे, ड्रोनला दे. खरंच घे, मी भांडणार नाही. त्या खंदकातल्या माणसाचं चित्र माझ्याही डोळ्यांपुढून जात नाही. पण सहल ठेव. बस जाईल तिथपर्यंत बस, पुढं सगळ्यांनी पायी. कागदावरून वाचायचं नाही. काठावर उभं करायचं आणि विचारायचं, काय दिसतंय, आणि काय दिसत नाही. ड्रोनच्या पडद्यासमोर बसल्यावरही त्यांना हाच प्रश्न पडायला हवा, म्हणजे तुझ्या पेपराचं आणि माझ्या पेपराचं भांडण उरणार नाही. आणि बसमध्ये एक जागा मला. भत्ता नको, खिडकी द्या.

तू म्हणशील, हे सगळ्या तुकडीसमोर कबूल केलं तर बोर्डाचं काय? मला माहीत नाही. जाईल कदाचित. मी तुला वचन देऊ शकत नाही की प्रामाणिकपणाचं बक्षीस मिळतं. बाबूजींना विचारलं तर म्हणाले, "गज मोडल्यानं सेठची इज्जत कमी होत न्हाई. न मोडल्यानं व्हती." पण त्यांचं प्रमोशन कोणाच्या हातात नव्हतं, हेही खरं.

या पत्राबरोबर एक लांबट पार्सल येईल. उघडताना घाबरू नकोस. बाबूजींनी सुताराकडून नवा गज करून घेतला, बोटभर आखूड. सागाचा नको म्हणाले, तो मोडत नाही. आंब्याच्या लाकडाचा आहे. वर सासूबाईंनी हळदीकुंकवाचं बोट लावलंय, त्यांना वाटलं काही शुभकार्य आहे. मी सांगितलं, हो, तसंच आहे.

अठरा तारखेच्या गाडीनं मी निघतेय. आई म्हणाली, "जाय आता. हितं राहून म्हाताऱ्या माणसाला तरास कशाला द्यून राह्यलीस." अंबडच्या कॉलेजचा फॉर्म भरला नाही. भरणार होते, हे तुला माहीत असू दे.

एकोणीसला सकाळी तुकडीचा तास तुझा आहे, मी वेळापत्रक बघितलंय. मी स्टेशनवरून सरळ वर्गात येते, मागच्या बाकावर बसते. त्यांना खुंटाची सगळी गोष्ट सांग, पावसापासून, साहेबांच्या सुजलेल्या पायापासून. काही गाळू नकोस. आणि मोडायच्या आधी गज वर धरून एवढंच विचार, त्या दिवशी दुसरं गाव कुठंय म्हणून कोणी विचारलं होतं?

नाव मी सांगणार नाही म्हटलं ना. तिचा हात वर येईल, तू फक्त वेळ दे.

तुझी,
ज्योत्स्ना